एआर-15 रायफलसाठी बफर ट्यूब आणि स्टॉक : चार जोड्यांची पारख

एआर-15 जातीची रायफल घेतलेला माणूस पहिल्या वर्षात जे काही बदलतो, त्यात स्टॉकचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचा, क्रमांक बहुधा पहिला लागतो. तो डोळ्यांना दिसतो, गालाला जाणवतो आणि बदलायलाही फारशी हत्यारे लागत नाहीत. मीसुद्धा आधी स्टॉकच घेतला होता आणि त्यात पैसे वाया घालवले होते. त्यानंतर ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने, डॅलसजवळच्या एका रेंजवर जवळजवळ दर शनिवारी, मी चार वेगवेगळ्या बफर प्रणाली, म्हणजे दस्त्याच्या आतली ट्यूब, धक्का झेलणारे वजन (बफर) आणि स्प्रिंग यांच्या जोड्या, वापरून पाहिल्या. त्यातल्या तीन माझ्या रायफलवर होत्या, तर एक शेजाऱ्यांच्या रायफलवर होती. या पारखीतून माझे मत पक्के झाले आहे : आधी ट्यूब ठरवावी, ट्यूबप्रमाणे बफर आणि स्प्रिंग घ्यावी, आणि स्टॉक सर्वांत शेवटी निवडावा. बहुतेक खरेदी नेमकी याच्या उलट क्रमाने होते आणि घरात न बसणाऱ्या भागांचा ढीग साठतो.

ज्यांनी ही रायफल उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोळी नळीतून पुढे जात असताना मागचा वायू एका बारीक छिद्रातून वरच्या गॅस ट्यूबमध्ये शिरतो आणि बोल्ट कॅरिअरला, म्हणजे काडतुसामागचा बोल्ट वाहून नेणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो. कॅरिअर मागे येताना रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, कॅरिअर बफरला रेटतो आणि बफर स्प्रिंग दाबत नेतो. मग तीच स्प्रिंग सगळ्यांना पुढे ढकलते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत बसते. एके-47 मध्ये स्प्रिंग रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलच्या मधल्या मुख्य पेटीच्या, आतच मावते, त्यामुळे तिचा दस्ता दुमडूनही ती चालते. एआरमध्ये ही धावपट्टी रिसीव्हरच्या मागे, दस्त्याच्या पोटात आहे. ज्या नळकांड्यात हे सारे घडते ती बफर ट्यूब. तिच्यावर स्टॉक चढतो. म्हणूनच स्टॉक आणि बफर यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

बफर हा दिसायला अगदी साधा भाग आहे. तो हातात घेऊन कानाजवळ हलवला तर आत काहीतरी सरकल्याचा आवाज येतो. मागच्या टोकाची रोल पिन काढून मी एक कार्बाइन बफर जेवणाच्या टेबलावर रिकामा केला, तेव्हा आतून तीन दंडगोल वजने आणि त्यांच्यामधल्या छोट्या रबरी चकत्या बाहेर आल्या. ही वजने मुद्दाम सैल ठेवलेली असतात. कॅरिअर पुढे जाऊन थडकला की तो किंचित मागे उसळू पाहतो. त्याच क्षणी आतली वजने एक क्षण उशिरा पुढे येऊन आदळतात आणि ती उसळी मारून टाकतात. 1960 च्या दशकात अमेरिकी लष्कराने एम-16 च्या, म्हणजे याच रायफलच्या लष्करी अवताराच्या, काडतुसातील दारूची जात बदलली, रायफलचा वेग वाढला आणि बिघाड वाढले. त्या काळात जी दुरुस्ती झाली तिच्यात जुना बफर काढून आत सरकती वजने असलेला हा जड बफर आणणे हा महत्त्वाचा भाग होता. हा इतिहास ठाऊक असला की दहा-वीस ग्रॅमच्या फरकाला अनुभवी लोक इतके महत्त्व का देतात ते समजते.

यूजीन स्टोनर यांनी 1950 च्या दशकात आर्मालाइट कंपनीत ही रचना केली, तेव्हा ती 20 इंची नळीच्या, पक्क्या दस्त्याच्या रायफलसाठी होती. ट्यूब लांब होती, बफर लांब होता, गॅस ट्यूबही लांब होती, आणि तिन्हींचा मेळ बसलेला होता. पुढे आखूड कार्बाइन हवी म्हणून नळी कापली, गॅस ट्यूब आखूड झाली, मागेपुढे सरकणाऱ्या स्टॉकसाठी बफर ट्यूबही आखूड केली आणि बफर जवळजवळ निम्म्यावर आला. परिणाम असा की वायूचा दाब वाढला आणि त्याला थोपवणारे वजन मात्र घटले. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक एआर रायफली या कार्बाइन ट्यूबवरच येतात. त्या चालतात, चांगल्या चालतात. पण ही लांबी नेमबाजाच्या सोयीसाठी ठरलेली नाही, ती दस्ता आखूड करण्यासाठी पत्करलेली तडजोड आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता मापे सांगतो, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. कार्बाइन ट्यूबची आतली खोली सुमारे 7 इंच असते आणि तिचा बफर 3.25 इंच लांब असतो. ए5 नावाने ओळखली जाणारी मधली ट्यूब तिच्याहून सुमारे पाऊण इंच खोल असते आणि तिचा बफर 4 इंचांचा असतो. रायफल ट्यूब साडेनऊ इंचांहून थोडी अधिक खोल असते आणि तिच्यातला बफर सुमारे 5.9 इंचांचा असतो. खोलीतून बफरची लांबी वजा केली तर तिन्ही ठिकाणी उत्तर जवळजवळ एकच येते : पावणेचार इंच. कॅरिअरला मागे यायला एवढीच जागा मिळाली पाहिजे. या एका वजाबाकीवर मी आता कोणतीही जोडी तपासतो. कार्बाइन ट्यूबमध्ये रायफलचा बफर घातला तर कॅरिअर पुरता मागे येतच नाही आणि रायफल चालत नाही. यात नुकसान कमी आहे. उलट, लांब रायफल ट्यूबमध्ये आखूड कार्बाइन बफर घातला तर कॅरिअर मर्यादेपलीकडे मागे जातो, त्याच्यावरची गॅस की (गॅस ट्यूबमधून वायू घेणारा वरचा उंचवटा) लोअर रिसीव्हरच्या, म्हणजे खालच्या पेटीच्या, मागच्या कडेवर आदळते आणि ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरला कायमची इजा होते. शेजाऱ्यांनी दाखवलेल्या एका जुन्या रिसीव्हरवर ही खूण मी पाहिली आहे. कानशीने घासल्यासारखी चंद्रकोरी खाच पडली होती.

पहिली पारख कार्बाइन ट्यूबची. माझी रायफल 16 इंची नळीची असून तिची गॅस प्रणाली मध्यम लांबीची आहे. तिच्याबरोबर आलेला साधा बफर 3 औंसांचा, म्हणजे सुमारे 85 ग्रॅमचा होता. त्यातली तिन्ही वजने पोलादी. त्यातले एक वजन टंगस्टनचे केले की बफर 3.8 औंसांचा होतो आणि त्याला एच म्हणतात. दोन टंगस्टनची वजने म्हणजे एच2, वजन सुमारे 4.6 औंस, तिन्ही टंगस्टनची म्हणजे एच3, साडेपाच औंसांच्या आसपास. टंगस्टन पोलादाच्या दुपटीहून जड असल्यामुळे बाहेरचे माप तेच राहून वजन वाढत जाते. लष्करी एम4 मध्ये एच आणि एम4ए1 मध्ये एच2 वापरात आला, यावरूनही साधा 3 औंसांचा बफर बहुतेकांसाठी हलकाच पडतो याचा अंदाज येतो.

साध्या बफरने माझ्या रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या पुढे, दीड ते दोन वाजल्याच्या दिशेला, जोरात फेकल्या जात होत्या. नळीचे तोंड बारा वाजता धरले तर तीन ते साडेचारच्या दरम्यान पुंगळ्या पडणे हे निरोगीपणाचे लक्षण मानले जाते. पुढे पडणाऱ्या पुंगळ्या म्हणजे कॅरिअर गरजेपेक्षा वेगाने मागे येत आहे. एच घातल्यावर पुंगळ्या अडीच-तीनच्या दिशेला येऊ लागल्या, आणि पुंगळ्या वळवणाऱ्या रिसीव्हरवरच्या उंचवट्याचा (डिफ्लेक्टरचा) पितळेवरचा ओरखडाही उथळ झाला. एच2 घातल्यावर त्या साडेतीनला एका छोट्या घोळक्यात पडू लागल्या आणि दुर्बिणीतला लाल ठिपका गोळीनंतर परत जागेवर येताना मला सतत दिसत राहिला. धक्क्याचा एकूण जोर फार कमी होतो असे मी म्हणणार नाही. त्याची जात बदलते. हलक्या बफरचा धक्का दोनदा टोचल्यासारखा असतो, जड बफरचा एकदाच ढकलल्यासारखा.

पण जड म्हणजे चांगले हा नियम नाही. जानेवारीत एका सकाळी पारा गोठणबिंदूजवळ होता. त्या दिवशी मी स्वस्त, पोलादी पुंगळीची, कमी जोराची .223 काडतुसे नेली होती. प्रत्येक मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून, गोळी सुटल्यावर मॅगझिन रिकामे झाले म्हणून बोल्ट मागे अडकून राहतो की नाही (तसा राहायला हवा) हे पाहण्याची जी साधी चाचणी आहे, ती मी दहा वेळा केली. एचने दहाही वेळा बोल्ट अडकला. एच2 ने दोनदा अडकला नाही. पूर्ण जोराची 5.56 काडतुसे घातल्यावर एच2 ची काहीच तक्रार उरली नाही. म्हणून माझा सल्ला असा की जे स्वस्त काडतुसांवर सराव करतात आणि ज्यांची गॅस प्रणाली मध्यम लांबीची आहे, त्यांनी एचवर थांबावे. आखूड, कार्बाइन लांबीच्या गॅस प्रणालीत वायूचा जोर जास्त असतो, तिथे एच2 बिनदिक्कत वापरावा. एच3 मी केवळ दोन शनिवार वापरला आणि माझ्या रायफलसाठी तो अनावश्यक आहे असे ठरवून काढून ठेवला.

बफरच्या आधी स्प्रिंग मोजावी, हे मी नंतर शिकलो. कार्बाइन स्प्रिंग मोकळी ठेवली असता 10 पूर्णांक 1/16 इंचांहून कमी भरली तर ती बदलायची, रायफल स्प्रिंगसाठी हीच मर्यादा 11 पूर्णांक 3/4 इंचांची, अशी लष्करी देखभालीतली मापे आहेत. बारा-पंधरा डॉलरच्या नव्या स्प्रिंगने बरी होणारी रायफल पन्नास डॉलरच्या बफरने बरी करू पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी पारख ए5 ची, आणि माझे मन इथे रमले हे लपवत नाही. व्हल्टॉर कंपनीने ही प्रणाली अमेरिकी मरीन कोअरच्या एम-16ए4 साठी सरकता स्टॉक बसवण्याच्या प्रयत्नातून तयार केली. 20 इंची रायफलला सरकता स्टॉक हवा, पण रायफलची शांत, संथ चाल गमवायची नाही, असा तो प्रश्न होता. उत्तर म्हणून कार्बाइनपेक्षा पाऊण इंच लांब ट्यूब, 4 इंची बफर आणि पूर्ण लांबीची रायफल स्प्रिंग अशी जोडी झाली. लांब स्प्रिंगला दाब हळूहळू चढतो, कार्बाइन स्प्रिंगसारखा शेवटी एकदम चढत नाही. चालीतला गोडवा तिथूनच येतो. बफरची वजने ए5एच0 पासून, म्हणजे 3.8 औंसांपासून, ए5एच4 पर्यंत, म्हणजे 6.8 औंसांपर्यंत, पायरीपायरीने मिळतात. ए5एच2 हा 5.3 औंसांचा बफर मूळ रायफल बफरच्या जवळपास जातो, आणि तोच सर्वाधिक चालतो.

मी ट्यूब, बफर आणि स्प्रिंग मिळून साधारण सव्वाशे डॉलर मोजले. सुरुवात ए5एच2 ने केली. पूर्ण जोराच्या काडतुसांवर ती उत्तम चालली. थंडीतल्या त्याच कमजोर काडतुसांवर दहातून एकदा बोल्ट अडकला नाही, म्हणजे वजन जास्त असूनही कार्बाइनच्या एच2 पेक्षा निकाल थोडा चांगला आला. ए5एच1 वर, 4.6 औंसांवर, दहापैकी दहा. आज माझ्या रायफलमध्ये हाच बफर आहे. कार्बाइनच्या एच2 चे आणि ए5एच1 चे वजन जवळजवळ सारखे आहे, तरीही स्वस्त काडतूस आणि जोरदार काडतूस दोन्ही सारख्याच सहजतेने पचवण्याची ए5 ची ताकद उघड दिसली. श्रेय माझ्या मते स्प्रिंगचे आहे. रायफल गलिच्छ झाल्यावर, तीनशे गोळ्या साफसफाईशिवाय झाडल्यावरही, पुंगळ्यांची जागा हलली नाही.

ए5 ची एक अडचण सांगितली पाहिजे. ट्यूब लांब असल्यामुळे काही स्टॉक अगदी आत, शेवटच्या खाचेपर्यंत सरकत नाहीत, किंवा सरकले तरी ट्यूबचे टोक स्टॉकच्या मागच्या भिंतीला टेकते. ज्यांना जाड जाकीट किंवा छातीवरचे कवच घालून सर्वांत आखूड लांबी हवी असते, त्यांनी खरेदीपूर्वी आपल्या स्टॉकच्या निर्मात्याचे माप पाहावे. मला ती लांबी कधीच लागत नाही.

तिसरी प्रणाली पक्क्या रायफल ट्यूबची. ही पारख शेजाऱ्यांच्या 20 इंची रायफलवर झाली. ते मूळचे साताऱ्याचे, वीस वर्षे टेक्सासात आहेत आणि त्यांनी ही रायफल हौसेने जुन्या धाटणीची जुळवली आहे. लांब गॅस ट्यूब, लांब नळी, पाच औंसांहून थोडा जड बफर, 40 हून अधिक वेढ्यांची स्प्रिंग. तिच्यावर वीस गोळ्या झाडल्या आणि मला स्टोनर यांच्या मूळ मेळाचा अर्थ कळला. पुंगळ्या साडेतीनला, हातभर अंतरात, एकीवर एक. सुधारायला काही नव्हते.

अडचण लांबीची. 1980 च्या दशकातल्या एम-16ए2 चा पक्का स्टॉक (ए2) जुन्या एम-16ए1 च्या स्टॉकपेक्षा (ए1) सुमारे 5/8 इंच लांब आहे, आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण उंचीच्या माणसाला तो लांबच पडतो. माझी पत्नी पाच फूट दोन इंच उंच आहे. तिने ती रायफल खांद्याला लावली, दोन गोळ्या झाडल्या आणि खाली ठेवत म्हणाली, “अहो, हिचं वजन चालेल मला, पण मान ताणावी लागते, ठिपका शोधण्यातच वेळ जातो.” ए1 लांबीचा स्टॉक लावल्यावर तिचा प्रश्न निम्मा सुटला. ज्या घरात एकच रायफल दोघे-तिघे वापरतात, तिथे पक्का स्टॉक घेऊ नये, मग त्याची चाल कितीही गोड असो. एकट्यासाठी, बाकावर बसून दूरच्या निशाण्यासाठी मात्र रायफल ट्यूबवर मॅगपुलचा पीआरएस स्टॉक हा चांगला पर्याय आहे. गालाची पट्टी आणि मागची लांबी दोन्ही हाताने फिरवून जुळवता येतात. तो पावणेदोन पौंडांच्या घरात जातो, म्हणून घेऊन चालायच्या रायफलवर तो लावू नये.

चौथी गोष्ट म्हणजे मिनेसोटाच्या जेपी एंटरप्रायझेसची बंदिस्त स्प्रिंग. यात बफर आणि स्प्रिंग एका गुळगुळीत दांड्यावर ओवलेले एकसंध येतात आणि स्प्रिंग ट्यूबच्या भिंतीला घासत नाही. साध्या एआरमध्ये प्रत्येक गोळीला गालाखाली ट्यूबमध्ये तार छेडल्यासारखा जो झणकारा येतो, तो यात पूर्ण थांबतो. मला तो झणकारा खुपत नसे, पण थांबल्यावर फरक कळला. बसवताना रिसीव्हरमधली बफर अडवणारी छोटी पिन आणि तिची स्प्रिंग काढून ठेवावी लागते. ती डबीत जपून ठेवावी, कारण पुन्हा साध्या बफरवर यायचे असेल तर तिच्यावाचून चालत नाही. काम नेमके आहे, वरची स्प्रिंग बदलून जोर जुळवण्याची सोयही आहे. पण साधारण दीडशे डॉलरमध्ये मला ए5 पेक्षा अधिक काही मिळाले नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने, जो एकाच ठरलेल्या काडतुसावर रायफल जुळवून ठेवतो, त्याने ती जरूर घ्यावी. इतरांनी आधी एच बफर वापरून पाहावा.

आता स्टॉककडे येतो. सुरुवातीला ज्या वाया गेलेल्या पैशांचा उल्लेख केला, ते प्रकरण असे घडले. कार्बाइन लांबीच्या ट्यूबमध्ये दोन जाडीच्या ट्यूब बाजारात आहेत. मिल-स्पेक, म्हणजे लष्करी मापाच्या, ट्यूबचा बाहेरचा व्यास 1.148 इंच, कमर्शियल ट्यूबचा 1.168 इंच. दोन्हींचे आटे रिसीव्हरमध्ये सारखेच बसतात, त्यामुळे रायफल पाहून काही कळत नाही. एका दुकानातून मी चांगला, मिल-स्पेक मापाचा स्टॉक घेतला. विकणाऱ्याने माझी रायफल काउंटरवर पाहून “बसेल” असे सांगितले होते. घरी तो ट्यूबवर दोन बोटे चढला आणि थांबला. मी साबणाचे पाणी लावले, दाब दिला, काही उपयोग झाला नाही. शेवटी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, काढला. ट्यूबवर तीन ठिकाणी माप घेतले : 29.67, 29.66, 29.67 मिलिमीटर. म्हणजे माझी ट्यूब कमर्शियल होती आणि स्टॉकला हवी होती 29.16. अर्ध्या मिलिमीटरने माझे सत्तर डॉलर अडवले, कारण उघडलेले खोके दुकानाने परत घेतले नाही.

या अर्ध्या मिलिमीटरचे दोन नियम आहेत. मिल-स्पेक स्टॉक कमर्शियल ट्यूबवर चढत नाही. कमर्शियल स्टॉक मिल-स्पेक ट्यूबवर चढतो, पण खुळखुळतो, आणि गालाखाली खुळखुळणारा स्टॉक प्रत्येक गोळीला ठिपका हलवतो. व्हर्निअर नसेल तर ट्यूबचे मागचे टोक पाहावे : तिरके कापलेले असेल तर बहुधा कमर्शियल, सरळ असेल तर बहुधा मिल-स्पेक. बहुधा म्हणतो, कारण खात्री मापानेच होते. मिल-स्पेक ट्यूब सहसा 7075 जातीच्या ॲल्युमिनियमची, रोल करून उठवलेल्या आट्यांची असते. कमर्शियल ट्यूब बहुतेक वेळा 6061 ची. ज्यांच्याकडे कमर्शियल ट्यूब आहे आणि जी नीट चालते आहे, त्यांनी घाई करू नये; मॅगपुलचे काही स्टॉक दोन्ही मापांत मिळतात. पण नवी ट्यूब घेणार असाल तर मिल-स्पेकच घ्या, कारण उत्तम स्टॉक त्याच मापात येतात.

त्या स्टॉकांपैकी चार मी पुरेसे वापरले. मॅगपुल एमओई हा सर्वांत स्वस्त आणि हलका. पण ट्यूबवर थोडा हलतो. त्याच कंपनीच्या सीटीआरमध्ये एक वेगळा कुलूपखटका आहे, तो दाबला की स्टॉक ट्यूबला आवळून धरतो आणि हालचाल पूर्ण थांबते. एमओईपेक्षा वीस-पंचवीस डॉलर अधिक देऊन सीटीआर घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. बी5 सिस्टिम्सचा सॉपमॉड रुंद आहे, गालाला भरीव टेकू देतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या कप्प्यांत बॅटरीचे सेल राहतात. पत्नीने पाहताक्षणी तो निवडला आणि मीही नंतर तिच्याच मताला आलो. बीसीएमचा गनफायटर अरुंद आणि अडकू नये असा घडवलेला आहे. जंगलात, झुडपांत चालणाऱ्याला तो आवडेल, बाकावर बसणाऱ्याला गालाखाली कमी वाटेल. हे चारही स्टॉक माझ्या ए5 ट्यूबवर नीट बसले. मॅगपुलच्या यूबीआरचा विचार करणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की त्याला त्याची स्वतःचीच ट्यूब लागते.

7.62 किंवा .308 च्या मोठ्या रायफली असणाऱ्यांनी वरची वजाबाकी तशीच वापरू नये. तिथला कॅरिअर लांब असतो आणि त्याला पावणेचारऐवजी सुमारे साडेचार इंचांची जागा लागते. डीपीएमएस कंपनीच्या धाटणीत 7 इंची कार्बाइन ट्यूबमध्ये अडीच इंचांचा आखूड बफर असतो. आर्मालाइट धाटणीत लांब ट्यूबमध्ये नेहमीचा 3.25 इंची बफर. एका धाटणीचा बफर दुसरीच्या ट्यूबमध्ये घातला की नुकसान ठरलेले. भारतीय लष्कराने 2019 मध्ये 72,400 नग मागवलेली सिग 716 ही रायफल याच मोठ्या कुळातली आहे. तिच्यातही मागची बफर ट्यूब आणि तिच्यावरचा सरकता स्टॉक ही रचना तीच.

कायद्याचे तीन शब्द, कारण विचारणारे बरेच आहेत. टेक्सासमध्ये सरकता स्टॉक ही साधी बाब आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी येथे मात्र अशा रायफलवर सरकता स्टॉक असणे तिला निषिद्ध वर्गात ढकलू शकते, आणि तिथले लोक स्टॉक पिन ठोकून पक्का करतात किंवा पक्काच घेतात. दुसरे, एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे; वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. ग्रीन कार्डधारकांची गोष्ट वेगळी. तिसरे, सुट्टीला घरी जाताना भावासाठी म्हणून स्टॉक किंवा बफर सामानात टाकू नये. हे भाग अमेरिकेबाहेर नेताना अमेरिकी निर्यात नियम आड येऊ शकतात आणि भारतात उतरल्यावर काय वाढून ठेवलेले असेल ते सांगायला नको.

ट्यूब स्वतः बसवणार असाल तर शेवटचे काम सर्वांत काळजीने करा. मॅगझिन काढून, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासूनच सुरुवात करावी. ट्यूब इतकीच आत फिरवावी की तिच्या कडेची जीभ बफर अडवणाऱ्या पिनेच्या कडेवर येईल, पण पिन दाबल्यावर मोकळी खालीवर होईल. ती एक फेरा कमी राहिली तर पिन निसटते आणि चापाच्या यंत्रणेत जाऊन पडते. कॅसल नटच्या (ट्यूब आवळणाऱ्या खाचांच्या नटच्या) लहान खाचा पुढे, एंड प्लेटकडे, म्हणजे रिसीव्हरमागच्या पातळ पट्टीकडे, ठेवून तो 40 फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे 54 न्यूटन-मीटरवर आवळावा, आणि मग एंड प्लेटचा धातू पंचाने नटच्या दोन खाचांत ठोकून बसवावा. मी पहिल्या वेळी हा ठोका दिला नव्हता. नोव्हेंबरात दोनशे गोळ्यांनंतर स्टॉक हातात किंचित वळू लागला, आणि पाहिले तर नट पाव फेरा सुटलेला होता. आता दोन्ही खाचांत ठोके आहेत, नट आणि प्लेट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली आहे, आणि रेंजवरून निघण्यापूर्वी मी ती रेघ सरळ आहे की नाही ते पाहतो. मार्चअखेरपर्यंत ती हललेली नाही.